कोरड्या बोटीतलं पाणी

पंप जेमतेम मुठीएवढा होता. खोक्यातून तो हातात घेतल्यावर ताईला कौतुक वाटलं नाही, संताप आला. एवढ्याशा वस्तूपायी अण्णांसारखा माणूस जावा.

अण्णा म्हणजे तिचे वडील. तीस वर्षं त्यांनी याच लहानशा मोटरबोटीतून तलावापलीकडच्या वस्तीवर औषधं पोचवली. बोटीच्या तळात साचणारं पाणी ते डब्याने उपसायचे. गेल्या वर्षी एका रात्री भर तलावात वादळाने गाठलं. दुसऱ्या दिवशी बोट सापडली, काठोकाठ भरलेली. अण्णा सापडले नाहीत. लोक म्हणाले, नशीब. त्या शब्दाने ताईच्या अंगाची लाही लाही व्हायची. नशीब कसलं, ही शुद्ध हयगय होती. मोटारी आणि पंप दुरुस्त करण्यावर तिचं पोट होतं. असे पंप रोज तिच्या हाताखालून जायचे, आणि ‘पुढच्या महिन्यात बसवते’ असं ती अण्णांना दोन वर्षं सांगत आली होती. हयगय कुणाची, हे मात्र ती कुणापाशी बोलत नसे.

उद्यापासून धाकटा भाऊ बोट चालवणार होता. तो दवाखान्यात नोकरीला होता. पलीकडे बारा मुलं लशीवाचून राहिली होती, कारण वर्षभर तिकडे कुणी फिरकलंच नव्हतं. आईने आधी साफ नकार दिला. या बोटीने एकाला गिळलंय, आता दुसरा तिच्या तोंडी कशाला देता, म्हणाली. तेव्हा ताईने तिला शब्द दिला, बोटीत थेंबभर पाणी राहणार नाही.

दुपारचं ऊन पत्र्याच्या शेडवर रणरणत होतं. बोट चाकांच्या गाड्यावर ठेवलेली, वर्षभर तिला पाणी लागलेलं नव्हतं. फळ्यांवर बोटभर धूळ. ताईने मागच्या बाजूला, तळाच्या सगळ्यात खोलगट जागी पंप स्क्रूने पक्का केला. त्याची नळी वर चढवून काठाखालच्या भोकातून बाहेर काढली. शेजारी फ्लोट बसवला. पाणी साचलं की तो उचलला जातो आणि पंप सुरू होतो. पाणी ओसरलं की खाली बसतो, पंप बंद. त्याची वायर तिने मुख्य बटणावरून न नेता सरळ बॅटरीला जोडली. बोटीत चिटपाखरू नसलं, बटण बंद असलं, तरी पंप जागा राहिला पाहिजे, हा तिचा नियम.

“जावयाचेसुद्धा एवढे लाड कुणी करत नाही, ताई,” धाकटा म्हणाला.

“जावई पाणी उपसत नाही,” ती म्हणाली.

मग तिने चाचणीसाठी फ्लोट बोटाने उचलला. पंप गुरगुरला. तिने बोट काढलं. पंप थांबायला हवा होता. थांबला नाही.

फ्लोट उलटा बसला असणार, नवशिक्यासारखी चूक, असं ती पुटपुटली. धाकट्याने सवयीने मुख्य बटण बंद केलं, तशी ती हसली. ते बटण याला लागूच नाही, आत्ताच सांगितलं ना, असं म्हणेपर्यंत बाहेर काहीतरी सांडल्याचा आवाज झाला.

बोटीच्या भोकातून पाणी पडत होतं. आधी पिचकारी, मग अंगठ्याएवढी अखंड धार. शेडमधला पेट्रोलचा वास मागे सरला आणि खोल पाण्याचा, गार चिखलाचा वास भरून राहिला.

ताईने दिवा घेऊन आत वाकून पाहिलं. तळ कोरडा ठणठणीत. धूळ जिथल्या तिथे. फ्लोट मात्र उचललेला होता आणि संथपणे डुलत होता. त्याला दाबायला तिने हात घातला, तो काठाशीच गार पाण्यात शिरला. खांद्यापर्यंत शिरला. तिने बाहेर काढला तेव्हा कोपरावरून थेंब ठिबकत होते. बोटीत पडलेला थेंब कुठे जात होता, ते दिसत नव्हतं.

“ताई... वायर काढ.”

तिने पक्कड उचललीसुद्धा. तेवढ्यात तिची नजर गाड्याच्या चाकांवर गेली. टायर पार दबले होते. सकाळी ते टम्म होते.

तिला तिथून हलावंसं वाटत नव्हतं. डोंगराच्या पायथ्याशी उभं राहून वर बघावं, तसं काहीसं झालं होतं. त्या रात्रीचं सगळं पाणी अजून इथेच होतं.

“राहू दे चालू,” ती हळूच म्हणाली. “एकट्याने किती उपसलं असेल रे त्यांनी...”

धाकट्याने तिच्या हातातली पक्कड घेऊन बाजूला ठेवली. पंपाचा आवाज मंदावला तेव्हा तोच जाऊन दवाखान्याच्या गाडीची बॅटरी घेऊन आला. पाणी दारातून वाहत उतारावरून तलावाकडे निघालं होतं. ताई मधूनमधून आत हात घालून बघायची. कोपर. मनगट. मग नुसती बोटं. एकेक टायर वर येत होता. उन्हं कलली तेव्हा फ्लोट खाली बसला. टक्.

एवढी शांतता झाली, की वरचा पत्रा निवताना कडकडतोय तेही ऐकू आलं.

आई दारात केव्हा येऊन उभी राहिली, दोघांना कळलंच नव्हतं. ती अनवाणी होती, पावलं त्या पाण्यात.  मग तिने बोटीकडे पाहिलं.

“उद्या लवकर निघ,” ती धाकट्याला म्हणाली. “सकाळी वारा पडलेला असतो.”

सकाळी बोट पाण्यात उतरली. लशींचा डबा पायाशी ठेवून धाकट्याने मोटर सुरू केली. ताई काठावर कान देऊन उभी होती. पंप एकदाही बोलला नाही. बोट आरशावरून सरकावी तशी सरळ निघाली.

बरीच लांब गेल्यावर ताईच्या लक्षात आलं, की धाकटा बाकाच्या मध्यावर बसलेला नाही. तो उजव्या काठाला अगदी चिकटून, गुडघे आवळून बसला होता, बाकावर कुणाला तरी जागा करून दिल्यासारखा. मधूनच डावीकडे मान वळवून होकार देत होता. एवढ्या अरुंद बोटीत एकटा माणूस असा बसला, तर ती कलंडायला हवी.

बोट तसूभरही कलली नव्हती.