पुढची जागा

केतनला मी फक्त गाडी एकदा पाण्यात फिरवून आण म्हटलं होतं. काम एवढंच.

गाडी म्हणजे आमची जेट स्की. भाट्याच्या पुढे एक लहानसा किनारा आहे, तिथे मी आणि माझा धाकटा चुलतभाऊ केतन पर्यटकांना लाटांवरून फिरवून आणतो. सप्टेंबर संपत आला होता. चार महिने ताडपत्रीखाली पडलेलं इंजिन धड चालतंय का ते बघायचं होतं. समुद्र अजून निवला नव्हता. घरातली मोठी माणसं 'आत्ता नको' म्हणाली होती. पण मोठी माणसं 'आत्ता नको' कधी म्हणत नाहीत, ते मला सांगा.

पाचच्या सुमाराला एका आडव्या लाटेने केतनला उडवलं. तो पोहत बाहेर आला, उजवा खांदा धरून, कुडकुडत. गाडी मात्र उलटली, आत पाणी भरलं आणि किनाऱ्यापासून पन्नास-साठ पावलांवर, लाटा फुटतात तिथल्या खोल चरात, मेलेल्या जनावरासारखी लोळत राहिली. दक्षिणेला कातळ आहे. तासाभरात ती त्यावर आपटली असती.

लोट्याच्या एका रसायनांच्या कारखान्यातली लॅबची नोकरी सोडून मी ही गाडी घेतली होती. ती फुटली की पुन्हा कंपनीची बस, पुन्हा त्या वासात आठ तास. तेव्हा काहीही करून मला ती बाहेर हवी होती.

एरवी गाडी ओढणारा ट्रॅक्टर हातखंब्याला गेला होता. उरला दोर. केतन दुखऱ्या खांद्याने परत आत गेला आणि गाडीच्या नाकाला दोर बांधून आला. मी त्याला अडवलं नाही.

माणसं जमली ती सात. मी, केतन, शेजारचा रघूदादा, कोळीवाड्यातले तिघे, आणि माझ्या आजोबांचे भाऊ लवूआबा. आबांचं सगळं आयुष्य रापण ओढण्यात गेलेलं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. त्याची एक रीत आहे. सगळ्यांनी समुद्राकडे तोंड करून दोर धरायचा आणि ओढत ओढत मागे सरकायचं. सर्वांत मागचा वर पोचला की तो दोर सोडतो, चालत खाली येतो आणि पाण्याच्या कडेला सर्वांच्या पुढची जागा धरतो. मग त्याच्या पुढे उभा असलेला, मग त्याच्या पुढचा. रहाटासारखं ते फिरत राहतं, म्हणून कोणी दमत नाही.

"आज फिरायचं नाय," आबा म्हणाले. "ज्यानं त्यानं आपल्या जागी उभं राहून ओढायचं. पुढची जागा धरायला कुणी जायचं नाय."

"का?"

"सांगितलं ना."

"सांगितलं नाहीत आबा, हुकूम सोडलात. कारण काय?"

"ह्या चरातून आम्ही तसंच ओढतो."

"तुमच्या त्या 'आम्ही'तले आता दोघेच उरलेत, आणि दुसऱ्याला ऐकू येत नाही."

रघूदादा फिस्सकन हसला. आबा हसले नाहीत.

वीस मिनिटं आम्ही जागेवर उभं राहून ओढलं. हातांची सालं निघाली. गाडी दोन हात पुढे यायची, लाट तिला तीन हात मागे न्यायची. केतन ओठ चावत डाव्या हाताने ओढत होता. माझा संयम संपला.

"फिरायला लागा रे! काळोख पडायच्या आत आणायची आहे ती."

सगळे आबांकडे बघायला लागले. आबांनी दोर पुन्हा हातात घेतला. दमल्या आवाजात एवढंच म्हणाले, "मग मान खाली घालून तरी ओढा."

मान आपोआपच खाली गेली. तुम्ही कधी ओढलं नसेल, म्हणून सांगते. दहा मिनिटांनी माणूस विचार करत नाही. पुढच्याची पाठ, आपले पाय, वाळू. एक हिसका, एक पाऊल मागे. गाडी येत होती. दोर ओला होऊन येत होता, त्याला होडीच्या तळात साचलेल्या जुन्या पाण्यासारखा वास होता. सूर्य गेला होता आणि समुद्राचा रंग शिशासारखा झाला होता.

माझी पाळी आली. मी वरून सोडलं, खाली चालत आले, पुढे एक पाठ होती, तिच्या पुढे जाऊन दोर धरला. पाणी घोट्यापर्यंत. मागे सरकत सरकत वर गेले. पुन्हा पाळी आली. पुन्हा ती पाठ, पुन्हा तिच्या पुढे. पाणी गुडघ्यापर्यंत. मला वाटलं, भरती चढते आहे.

तिसऱ्यांदा मांड्यांपर्यंत पाणी आलं, तेव्हा कुठे डोक्यात काहीतरी हललं. भरती नव्हती. ओहोटी लागून अर्धा तास झाला होता.

मी दोर ओढत राहिले आणि ऐकायला लागले. सगळे धापा टाकत होते. रघूदादा खोकत होता. पण माझ्या पाठीला लागून जो उभा होता, त्याचा श्वास ऐकू येत नव्हता...

वळून बघायची हिंमत झाली नाही. मागे सरकत राहिले. वर पोचेपर्यंत तो माझ्या मागून कधी गेला, कळलं नाही. आता माझ्या मागे फक्त आबा होते.

तिथून मी मान वर केली आणि मोजलं. आबा, मी, रघूदादा, कोळीवाड्यातले तिघे. सहा. सातवा केतन, नुकताच पुढची जागा धरायला उतरलेला. त्याच्या पुढे, पाण्याच्या कडेला, आणखी एक, आठवी पाठ होती. भिजलेला सदरा अंगाला चिकटलेला. केतनने तिला वळसा घातला, पुढे जाऊन दोर धरला. मग ती पाठ त्याच्या पुढे होती. पावलं उचलताना ती मला दिसली नाही. नुसती पुढे होती. केतनने पुन्हा वळसा घातला. पाणी त्याच्या छातीला लागलं.

"केतन!"

त्याने मागे बघितलं नाही.

"दोर सोडा," आबा माझ्या कानाशी म्हणाले. "मृणाली, सोड. सगळे सोडा!"

खोटं सांगत नाही. एक क्षण मला केतन दिसलाच नाही. गाडी दिसली, वीस पावलांवर आलेली. सोडली असती तर कातळावर गेली असती. तेवढा एक क्षण मी दोर धरून ठेवला.

मग सोडला आणि धावले.

तो गळ्यापर्यंत पाण्यात होता. मी त्याचं लाइफ जॅकेट मागून धरलं. त्याच्या पुढे आता कोणी नव्हतं, पण दोर आमच्या हातून सुटलेला असूनही ताठ होता. केतनच्या मुठी सुटेनात. एकेक बोट उलगडायला गेले, तर ती परत मिटायची. शेवटी मी त्याच्या बोटांना चावले, रक्त येईपर्यंत. तेव्हा तो ओरडला आणि सुटला. रघूदादाने आम्हा दोघांना खेचून वाळूवर टाकलं.

बराच वेळ केतन पाणी ओकत होता. मग माझ्याकडे बघून, लहानपणी रुसायचा तशा आवाजात म्हणाला, "ताई, तू मला सारखी पुढे का बोलावत होतीस गं? माझा खांदा दुखत होता ना."

मी आबांकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की त्यांनी मला शिव्या द्याव्यात. ते म्हणाले, "घरी न्या त्याला. अंग पुसा." त्यांच्यात तेवढंच बळ उरलं होतं.

रात्रभर मी केतनच्या उशाशी बसले. तो झोपेत हलला की मीही दचकायचे. पहाटे त्याला ताप नव्हता. काकीला त्याच्याजवळ बसवून आबा, रघूदादा आणि मी किनाऱ्यावर गेलो.

गाडी कातळावर गेली नव्हती. कोरड्या वाळूत सरळ उभी होती, एक ओरखडा नाही, नाक समुद्राकडे. नाकाला बांधलेला दोर वाळूवरून थेट पाण्यात गेला होता आणि ताठ होता. समुद्र तळ्यासारखा गप्प होता.

आबांनी कमरेचा कोयता काढला आणि एका घावात दोर तोडला.

तुटलेलं टोक पाण्याकडे निघालं. एक हिसका, हातभर. मग थांबलं. पुन्हा एक हिसका. पुन्हा थांबलं. आम्ही तिघेही हललो नाही. ते थांबणं दरवेळी सारखंच होतं. शेवटच्या माणसाला दोर सोडून पुढची जागा धरायला लागतो, बरोबर तेवढा वेळ.