दोघांनी उचलायची पाटी

"ओ, थांबा. ते ड्रिल आधी खाली ठेवा."

रुमाईसा माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मागे वळलो... ओढणीवर धुक्याचे थेंब, कपाळावर आठी.

लोणावळ्यातला तो व्हिक्टोरिया राणीच्या काळातला बंगला. त्याचे राखणदार नूरमहंमद आबा, आणि ही त्यांची नात. बंगल्याच्या बांधणीला वारसा म्हणून मान मिळालेला. संध्याकाळी कार्यक्रम. पितळी पाटी भिंतीवर लावायचं काम माझ्याकडे, म्हणजे शादाब सुताराकडे.

मी म्हटलं, चार भोकं तर पाडायचीत.

"मान द्यायला आलात आणि भोकं पाडताय?"

मी ड्रिल खाली ठेवलं. मग तिनं बंगला फिरून दाखवला. टोकदार कमानी, रंगीत काचा, छपराच्या कडेची लाकडी झालर. झालरीला आबा दर उन्हाळ्यात तेल पाजतात, हे सांगताना मान अशी ताठ, जसा काय बंगला हिनंच बांधलाय. मी बघतच राहिलो.

"झालर वर आहे," ती म्हणाली.

दुकानात पळालो. दुपारभर खपून जुन्या सागाचा स्टँड केला, त्यावर पाटी बसवली, व्हरांड्यात उभी केली. भिंतीला ओरखडासुद्धा नाही. पाहुण्यांना आबा सांगत होते, आमच्या पोरानं बनवलंय. आमच्या! छाती अशी फुगली... आणि रुमाईसा खांबाआडून हसली.

पितळ कुणी चोरेल म्हणून रोज संध्याकाळी पाटी स्टँडसकट आत घ्यायची, असं आबांनी ठरवलं. दुसऱ्याच दिवशी तिचा फोन. आबांची कंबर धरलीय, मला एकटीला उचलत नाही. गेलो. मग रोजच जायला लागलो. एक बाजू तिची, एक माझी. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, कळलंच नाही.

काल मात्र ती उंबऱ्यातच थांबली. "आबा म्हणतायत, स्टँडखाली चाकं लावून घेऊ. मग तुला रोज यायला नको."

आता नाही बोललो तर संपलंच.

"चाकं आहेत माझ्याकडे... पहिल्या दिवसापासून."

"मग लावली का नाहीस?"

"तुला एकटीला आत नेता येऊ नये म्हणून."

मी पाटीकडे बघत राहिलो, तिच्याकडे बघायची हिंमतच होईना. मग ती आत वळून आबांना म्हणाली,

"आबा, चाकं नकोत. जुनी फरशी आहे, खराब होईल."

आणि माझ्याकडे बघून, हळूच —

"धर ना तुझी बाजू."