सतरावी खाच

तिच्या हातून बटणांची वाटी सांडली आणि एक बटण घरंगळत थेट त्याच्या चपलेपाशी जाऊन थांबलं. त्याने ते उचलून दिलं नाही. खाली बसला, टिचकी मारून ते तिच्याकडे परत पाठवलं आणि गंभीरपणे म्हणाला, "आता तुमची खेळी."

व्यायामोपचाराच्या त्या खोलीत सहसा कुणी हसत नसे. ती तर तीन महिने हसली नव्हती. मोडलेलं उजवं मनगट जुळलं होतं, पण बोटं लाकडासारखी ताठ राहिली होती. ज्या बोटांवर तिने शिवणाचं दुकान उभं केलं, ती आता एकेक बटण उचलून बरणीत टाकायला शिकत होती. महिनाअखेर हात वळला नाही तर मशीन विकून टाकू, असं तिने वहिनीला सांगितलंही होतं.

तो पाट्या रंगवणारा पेंटर. शिडीवरून पडून खांदा धरलेला. भिंतीवर चोवीस खाचांची लाकडी पट्टी होती. त्या पट्टीवरून बोटं चालवत हात वर न्यायचा, हा त्याचा व्यायाम. दुसऱ्याच दिवशी त्याने शर्यत काढली — तिची वीस बटणं आधी संपतात, की त्याची बोटं वर आधी पोचतात? मग ते रोजचंच झालं. बटणांना त्याने नावं दिली. मोठं काळं बटण म्हणजे तिची वहिनी... हाती लागत नाही, आणि लागलं की सोडत नाही. तीही कमी नव्हती. तो सतराव्या खाचेवर अडला की म्हणायची, पेंटर, मुंगी पुढे गेली हो.

रोज तीच जिंकायची. जिना उतरताना शीळ घालायची. घरी म्हणाली, व्यायाम छान चाललाय. वहिनी म्हणाली, तोंडाचा दिसतोय.

एके दिवशी ती लवकर आली. दारातूनच दिसलं — तो कपाटावरचं खोकं त्याच दुखऱ्या हाताने अलगद खाली काढत होता. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी कौतुकाने सांगितलं, याचे उपचार तर पंधरा दिवसांपूर्वीच संपले, तरी येतो बिचारा.

तिचे कान तापले. म्हणजे रोजचं जिंकणं त्याने दिलेलं होतं.

"तुम्ही जिंकलात की हसता..." तो पुटपुटला. "म्हणून—"

"मी हरूनही हसेन. फसवून हसवू नका. आज खरं खेळा."

तो खरं खेळला. बोटं सरसर वर चढली. तिने मान वर केली नाही. तो चोविसाव्या खाचेला पोचला तेव्हा वाटीत दोन बटणं उरली होती. बरणीत अठरा. महिन्यापूर्वी अख्ख्या तासात एवढी होत नव्हती. आणि ही अठरा कुणी दिलेली नव्हती.

"हरले," ती म्हणाली, हनुवटी वर करून. आणि खरंच हसली.

"इतक्या ऐटीत हरलेलं माणूस मी पाहिलं नाही." त्याने उरलेली दोन बटणं तिच्यापुढे सरकवली. "उद्यापासून इथे यायला कारण नाही... म्हणजे, बाईंना सांगण्यासारखं."

मशीन विकायचं नाही, हे आजच वहिनीला सांगणार असल्याचं ती म्हणाली. दुकानाची पाटीही आता नवी हवी.

"किती दिवस लागतील रंगवायला?"

"खरं सांगू?"

"यापुढे खरंच सांगायचं."

"एक दिवस. पण मला रोज यायचंय... नेहमी."

तिने उजवा हात पुढे केला आणि त्याचा हात धरला — घट्ट, पाचही बोटांनी.