दोन शेडची सरासरी

"चोर घरातच आहे, लगेच या," असा म्हाताऱ्याचा फोन आला आणि फौजदार बाई त्याच्या कोंबड्यांच्या फार्मवर पोचल्या. अंगणात थोरल्या सुनेचं सामान काढून ठेवलेलं. तिचा नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि सासरा तिला लेकीसकट संध्याकाळच्या आत हाकलायला निघाला होता. बाईंचं डोकं तिथेच तापलं.

आरोप असा, की एक शेड धाकट्या मुलाकडे, एक थोरलीकडे. पिल्लं एकाच दिवशी आलेली, खाद्य एकच. तरी थोरलीचे पक्षी हलके. म्हणजे बया खाद्य परस्पर विकते.

जनावरांचे डॉक्टर तिथेच होते. त्यांनी दोन्हीकडचे थोडे थोडे पक्षी तोलून सरासरी काढली होती, वर दोन सरासऱ्यांतला फरक तपासणारी टी-चाचणीही लावली होती. बाकी सगळं सारखं असेल तर एवढा फरक नुसत्या योगायोगानं हजारात एकदाही पडायचा नाही, असं त्यांचं म्हणणं.

"म्हणजे चोरी झाली?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे फरक खरा आहे," डॉक्टर चाचरले. "कशामुळे, ते चाचणी सांगत नाही."

"मग हे यांना आधी सांगायला तोंड नव्हतं?"



बाई धाकट्याच्या शेडमध्ये शिरल्या. आरवण्यानं कान किटले. जिकडे बघावं तिकडे लालभडक तुरे. थोरलीच्या शेडमध्ये मात्र माणसाचं हळू बोलणंही नीट ऐकू येत होतं. थोरली दाराशी उभी होती.

"पिल्लांचे खोके कोणी उतरवले?"

"भावजींनी. मी लेकीला घेऊन दवाखान्यात होते. आले तेव्हा शेड भरलेली होती."

बाईंनी बाहेर येऊन उबवणी केंद्राला फोन लावला. मग धाकट्याला बोलावलं.

"पिल्लं वाटलीस कशी?"

"हाताला लागतील तशी. सरमिसळ."

"खोटं बोलतोस," बाई कडाडल्या. "सरमिसळ असती तर दोन्हीकडे कोंबडे आरवले असते. तुझ्याकडे सगळे नर, हिच्याकडे सगळ्या माद्या. नर वजनाला भारीच भरतात. नर-मादी वेगळ्या खोक्यांत मागवणारा तूच, केंद्रानं आत्ताच सांगितलं. डॉक्टर, तुमची चाचणी बरोबर आहे हो. पण खाद्याला दोष द्यायचा तर दोन्ही गट मुळात सारखे हवेत. यानं ते पहिल्याच दिवशी वेगळे केले."

"पण कशासाठी?" म्हातारा पुटपुटला.

"ही चोर ठरून निघून गेली की थोरल्याचा हिस्सा याच्या घशात."

"मग राबायचं मी आणि अर्धं हिला?" धाकटा खेकसला. कबुलीजबाब झालाच.

म्हाताऱ्यानं त्याच्या मुस्काटात लगावली आणि थोरलीपुढे हात जोडले. तिला त्याची किळस आली.

"मला नका जोडू, मामंजी. महिनाभर माझ्या लेकीला चोरटीची पोर म्हणालात. ते तिच्यासमोर परत घ्या."

म्हाताऱ्यानं नातीला 'बाळा' म्हणून हाक मारली. पोर आईच्या मागे दडली आणि काही केल्या पुढे येईना.