जाळीखालचा आवाज

तीस वर्षं प्लंबर म्हणून मी लोकांच्या घरातले वास काढतोय. वासावरून माणसं काय काय भांडतात, सांगून खरं वाटायचं नाही. नवरा म्हणतो येतो, बायको म्हणते येत नाही, आणि दोघंही माझ्या तोंडाकडे बघत उभे. त्यामुळे कुणावरही चटकन विश्वास ठेवायचा नाही, अशी सवयच लागली मला. त्या सवयीनेच एकदा घात केला. बसा जरा, चहा होईपर्यंत सांगतो.

काम अगदी साधं होतं. तीन खोल्यांचं बैठं घर, वर सपाट गच्ची. घरात दोघंच, सत्तरीची आत्या आणि चाळिशीतला भाचा. लहानपणापासून तिनेच वाढवलेला. फोन त्याचाच होता. म्हणाला, नहाणीत घाण वास येतो असं आत्या म्हणते, मला तर काही येत नाही, तुम्ही बघून काय ते एकदाचं सांगून टाका.

दुपारी गेलो. दार उघडल्याबरोबर फिनेलचा असा भपकारा आला की डोळे चुरचुरले माझे. आत्या दिवसातून सहा-सहा वेळा नहाणीत फिनेल ओतायची, मध्येच झोपेतून उठूनही ओतायची. भाच्याने हात टेकले होते. माणूस वाईट नव्हता हो, पार थकला होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, वृद्धाश्रमात जागा बोलून ठेवली आहे. पाईपमध्ये दोष निघाला तर आत्या इथेच राहील, मी तिचे पाय धरीन. नाही निघाला, तर सोमवारी तिला सोडून येणार.

म्हणजे एका म्हातारीचं घर माझ्या नाकावर ठरणार होतं. असली जबाबदारी मला नको असते, पण आता काम अंगावर घेतलं होतं. मनात म्हटलं, या दोघांतलं मला कोण बनवतंय? ह्याला घर मोकळं हवं असेल. नाहीतर तिला कुणीतरी आपल्यामागे धावावं असं वाटत असेल. दोन्ही प्रकारची माणसं मी ढिगाने पाहिलीत.

आत्याला विचारलं, वास नेमका कसला येतो. तिने आधी नहाणीच्या दाराकडे बघितलं.

"शिळ्या साबणाचा…" ती हळूच म्हणाली. "आणि कुजलेल्या केसांचा. कुणीतरी कितीतरी दिवस आंघोळच करत बसलंय, तसा."

मी आधी साधे उपाय केले. जाळी काढली, अडकलेले केस आणि साबणाचा गाळ उपसला, धुण्याचा सोडा टाकून त्यावर उकळतं पाणी ओतलं. जाळीखाली वाडग्यासारखा ट्रॅप असतो, त्यात कायम पाणी साठलेलं असावं लागतं. तेच पाणी गटाराचा वास अडवतं. निम्म्या घरांत ते आटलेलं असतं आणि लोक उगाच फरशा फोडत बसतात. मी स्वतः बादलीभर पाणी ओतून तो ट्रॅप काठोकाठ भरला आणि जाळी परत बसवली. मला तर फिनेलशिवाय कसलाच वास येत नव्हता.

तरी म्हटलं, उगाच नंतर बोलणं नको, पेपरमिंटने बघूनच घेऊ. गच्चीवर सांडपाण्याच्या पाईपचं तोंड असतं, त्यातून पेपरमिंटचं तेल आणि गरम पाणी सोडायचं. पाईपला कुठे बारीक भेग असली तर तो वास घरात येतो. अट एकच, ओतणाऱ्याने खाली यायचं नाही आणि हुंगणाऱ्याने वर जायचं नाही, कारण हाताला लागलेलं तेल घरभर पसरतं. खरं तर भाच्याला ओतायला पाठवून मी हुंगायला बसायचं. पण माझा त्याच्यावर भरवसा नव्हता. म्हणून आत्याला नहाणीत स्टुलावर बसवलं आणि दारं-खिडक्या लावून घेतल्या. वास आला की तिने 'आला' म्हणायचं, आणि बाहेरच्या खोलीतून भाच्याने अंगणात येऊन मला हाक मारायची, असं ठरलं.

लोखंडी शिडीने वर चढलो. ऊन कललं होतं, वारा अजिबात नव्हता. कुठे कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. खिशातून बाटली काढली, किटली खाली टेकवायला पाईपशी वाकलो, आणि पाईपमधून आवाज आला.

"आला."

आत्याचाच आवाज. अगदी शांत.

मी हातातल्या बाटलीकडे बघितलं. बूच तसंच होतं. खरं सांगू, तेव्हा भीती वगैरे काही वाटली नाही मला. राग आला. म्हातारीने आपल्याला मूर्ख बनवलं असं वाटलं. तरातरा खाली उतरलो आणि भाच्याच्या देखत तिला विचारलं, "आत्या, मी बाटली उघडलीसुद्धा नव्हती. आला कशाला म्हणालात?"

ती स्टुलावरून उठली. चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी तोंड उघडलं नाही," ती म्हणाली. "ते… माझ्या आधी बोलतं."

भाच्याने काहीच ऐकलं नव्हतं. पण ती खोटं बोलली असं माझ्या तोंडून ऐकलं, तेवढं त्याला पुरे झालं. मी हत्यारं गोळा केली. आत्या माझ्याकडे बघत राहिली, आणि मी तिच्याकडे न बघता निघालो.

त्याला आठ-दहा दिवस झाले असतील. दुसऱ्या एका घरी ट्रॅप भरत होतो. घरमालकांनी विचारलं, या एवढ्याशा पाण्याने काय होतं? मी नेहमीचं सांगायला लागलो, की हे पाणी असलं की पलीकडचं अलीकडे येत नाही आणि अलीकडचं पलीकडे जात नाही. वास नाही, हवा नाही, माणसाचा आवाजसुद्धा… आणि मी हातातली बादली खाली ठेवली.

त्या दिवशी ट्रॅप मीच भरला होता. आत्या नहाणीत किंचाळली असती तरी पाईपच्या तोंडाशी इतकं स्पष्ट ऐकू आलं नसतं. जे बोललं ते पाण्याच्या पलीकडून बोललं होतं. तीस वर्षांचा प्लंबर मी, आणि एवढी साधी गोष्ट मला कळू नये? त्याच्या शब्दावर मी एका म्हातारीला खोटं पाडलं होतं. फार लाज वाटली हो मला.

तसाच वृद्धाश्रमात गेलो. आत्या खिडकीपाशी बसली होती, निम्मी झाली होती. सगळं सांगून हात जोडले. ती रागावली नाही. "त्याला एवढंच सांगा, आत्या खोटं बोलली नाही," ती म्हणाली. "मग तो नेईल मला. माझाच आहे तो." मी दारापर्यंत पोचलो तोवर तिने कॉटखालची पिशवी ओढून कपडे भरायला घेतले होते.

तासाभरात तिच्या घरी पोचलो. भाच्याने दार अर्धंच उघडलं. फिनेलचा वास आता नव्हता. दुसराच होता. शिळा साबण, कुजलेले केस… नाकात गच्च बसला माझ्या. त्याला मात्र काहीच जाणवत नव्हतं.

मी एका दमात सांगून टाकलं, की चूक माझी होती, आत्या खरं बोलत होती, तिला घरी आणा.

तो हसला, अगदी मोकळा हसला. म्हणाला, आणायचं काय त्यात, ती तर सोमवारीच परत आली. तिला सोडून घरी पोचलो तर ही आत आंघोळ करतेय. कशी आली ते मी विचारलं नाही. आपलं माणूस घरी परत आलं, तर त्याला पुन्हा हाकलायचं का? आणि आता वासाची तक्रारही करत नाही बिचारी.

"साहेब," मी म्हणालो, "तासापूर्वी मी आत्यासमोर बसलो होतो… तिकडे."

त्याने ऐकलंच नाही, की ऐकायचं नव्हतं, कोण जाणे. नहाणीचं दार लोटलेलं होतं. आत तांब्याने पाणी घेतल्याचा आवाज येत होता. एक तांब्या, थोड्या वेळाने दुसरा. घाई कसलीच नव्हती.

"आत्या," त्याने मान वळवून सांगितलं, "त्या दिवशीचे प्लंबर आलेत."

पाणी थांबलं.

"बसव त्यांना," आतून आत्याचा आवाज आला. "आणि विचार… ती कशी आहे तिकडे?"

भाचा माझ्याकडे वळला. चेहऱ्यावर अजून तेच हसू होतं.

"ती म्हणजे कोण हो?" त्याने विचारलं.