एकच बुके मागवला होता

"मी एकच मागवला होता हो!" दोन्ही हातांत अगदी एकसारखे दोन बुके सांभाळत तो फुलांच्या दुकानात शिरला, आणि लिलीचे देठ छाटत बसलेल्या तिच्या कपाळावर आठी चढली. सकाळपासून हीच तक्रार घेऊन गिऱ्हाइकं येत होती.

"मग वेबसाइटवर ऑर्डरचं बटण दोनदा कशाला दाबलंत?"

"पहिल्यांदा ते ढिम्म हललं नाही. वाटलं, पोचलंच नाही... म्हणून पुन्हा दाबलं." बोलता बोलता तो चक्क हसला. "आणि गंमत बघा, माझं कामच हे. बोट लागल्यावर वेबसाइट किती पटकन ओ देते, ते मोजायचं आणि सुधारायचं."

दुकान मावशीचं, पण वेबसाइट तिने स्वतः खपून केलेली. त्या वेबसाइटला नावं ठेवलेली तिला कशी चालतील? तिने तावातावाने लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला.

"बघा! झटकन चालतं की नाही?"

"तुमच्याकडे चालणारच. नवाकोरा आहे. गिऱ्हाइकांच्या हातात काय असतं, ते बघू या."

मावशीचा काच तडकलेला जुना फोन आला. त्याने बटण दाबलं. फोन आपला गप्प. तिने ओशाळून पाण्याच्या बादलीत नजर बुडवली, आणि मावशी आतून खुसखुसली.

मग ऑफिस सुटलं की तो रोज येऊ लागला. मावशीने त्याचं नाव 'बटणवाला' ठेवून टाकलं. तो मोजायचा, दुरुस्त करायचा, पुन्हा मोजायचा, आणि ती फुलं बांधता बांधता मुद्दाम त्याची फिरकी घ्यायची.

"गुन्हेगार सापडला," एका संध्याकाळी तो म्हणाला. "रागावणार नाही ना?"

"सांगा तरी."

"पाकळ्या."

ऑर्डर दिली की पडदाभर गुलाबाच्या पाकळ्या पडायच्या. तिने केवढ्या हौसेने केल्या होत्या!

"फोन बिचारा एकेक पाकळी पाडण्यात गुंग. बोटाकडे बघायला त्याला फुरसत कुठे?" तिचा चेहरा उतरलेला पाहून तो घाईघाईने म्हणाला, "काढायच्या नाहीत हं! आधी बटणानं नुसतं 'कळलं' म्हणायचं. पाकळ्या मागाहून पडू देत. माणूस थांबतो हो... आपलं ऐकलंय, एवढं समजलं की झालं."

तो बोलत होता फोनकडे बघून. तिचे कान का तापले, ते तिचं तिलाच ठाऊक.

आणि एक दिवस काम संपलं. मावशीच्या फोनवर बोट टेकताच बटणावर बरोबरची खूण उमटली, आणि पाकळ्या मागून सावकाश पडल्या. मावशीने टाळ्या पिटल्या. ती मात्र हातातल्या गुलाबाचे काटे खुडत राहिली. आता हा कशाला येईल इथे?

तो वायर गुंडाळू लागला. गुंडाळलेली उलगडून पुन्हा गुंडाळू लागला. मावशी काहीतरी आठवल्यासारखं करून आत निघून गेली.

"उद्यापासून... येणार नाही ना?" तिने विचारलं.

"काम तर झालं."

"मला तुमची सवय झालीय." हातातला गुलाब तिने उगीचच फिरवला. "सवय नाही... तुम्ही आवडता मला."

त्याचं गुंडाळणं थांबलं. वायर हातात तशीच. तिला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. की ऐकूच गेलं नाही याला? तिने सगळा धीर एकवटून पुन्हा तोंड उघडलं.

"मी म्हटलं, तुम्ही मला—"

तिच्या हातावर त्याचा हात आला. उशिरा, पण आला.

"दोनदा दाबू नका," तो कसाबसा म्हणाला. "पहिल्यांदाच पोचलं."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि त्यातच हसू फुटलं. "मग बोला की पुढे!"

"बोलतो... बरंच आहे. थांबाल?"

ती स्टुलावर बसली, हात न सोडवता.

"थांबते," ती म्हणाली.