चुलीवरची फरशी

हसायचं असेल तर बाहेर जाऊन हसा रे पोरांनो. फिनले माझा शेजारी. त्याच्याच तोंडून ऐकलंय मी.

त्याची आई ओरिक. आपल्या बेटाच्या वाऱ्याकडच्या टोकाला त्या गवतानं शाकारलेल्या दगडी घरात तिचा जन्म गेला. चूल घराच्या मधोमध. रात्री निजण्याआधी ती निखाऱ्यांचे तीन भाग करायची, वर राख ओढायची. बाईनं विस्तव कधी विझू दिला नाही. या पठ्ठ्यानं तिला नव्या बंगल्यात नेलं, चुलीवर फरशी बसवली आणि घर ग्लासगोच्या पाहुण्यांना भाड्यानं द्यायला लागला.

मरताना तिनं एवढंच मागितलं, "पोरा, एक रात्र मला माझ्या चुलीपाशी ठेव. तिथनं उचला."

आपली रीत ठाऊक आहे तुम्हाला. दोन खुर्च्यांवर शवपेटी, रात्रभर जागरण, आणि पेटी उचलली की खुर्च्या उलट्या करायच्या, म्हणजे गेलेलं माणूस माघारी येऊन बसत नाही. फिनले म्हणाला, "घरात पाहुणे आहेत. आणि मेलेल्याला काय कळतंय?" चर्चमधून थेट मातीआड केली तिला.

"जनाची नाही, मनाची तरी ठेव!" मी तोंडावर सुनावलं.

नोव्हेंबरातला पहिला शनिवार. पाहुणे गेले होते. रविवारी आपल्याकडे कामाला हात लावायचा नाही, म्हणून रात्री अकरा वाजताच तो त्या घरातल्या चादरी काढायला गेला. दार उघडलं. फरशीच्या मधोमध दोन खुर्च्या, समोरासमोर. मध्ये पेटीएवढी जागा.

"काय एकेक पाहुणे!" म्हणत त्यानं त्या भिंतीला लावल्या. चादरी गोळा केल्या. वळला...

खुर्च्या मधोमध.

धुराचा वास आला. घरात विस्तव नव्हता.

"कोण आहे?"

...

मागे खोकला. ओळखीचा.

"आई...?"

एक खुर्ची करकरली. मग दुसरी.

"चुकलो गं... आई, चुकलो..."

...

अनवाणी धावत आला माझ्याकडे. बूट कुठे पडले, त्यालाही ठाऊक नाही. उजाडल्यावर दोघं गेलो. खुर्च्या तिथेच होत्या. मी उलट्या करायला हात घातला, तर त्यानं मनगट धरलं.

"नको. मग ती बसेल कुठे?"

आता आठवण झाली लेकाला!

खुर्च्यांच्या मधे फरशी अखंड होती, कुठे चीरही नाही. तिच्यावर राखेचा ढीग. तीन भाग केलेला, वरून बोटांनी सारखा केलेला. मी हात घातला.

आत निखारा होता.